जवळचा मार्ग

ऑफिसात सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. विमानाने कुठल्या मार्गाने जायचं, इंधन किती घ्यायचं, कधी उतरायचं, हे आखून देणं त्याचं काम. बायको त्याच कंपनीत एअर होस्टेस. समुद्रापलीकडच्या विमानतळावरून परतणारं तिचं नेहमीचं विमान: अंतर नऊशे किलोमीटर, वेळ दीड तास. झोपेतून उठवून विचारलं तरी त्याने सांगितलं असतं.

नवा कॅप्टन आला आणि ह्याच्या पोटात दुखायला लागलं. कॅप्टन उंच, हसरा, बोलायलाही गोड मेला! बायको घरी येऊन त्याचे विनोद सांगायची आणि हा ताटातलं चिवडत बसायचा.

एका दुपारी ती परतली तर केसांच्या मुळाशी बोटभर पांढरं दिसत होतं. आदल्याच संध्याकाळी तिने केस रंगवले होते. ब्रश ह्यानेच धुतला होता. पुढच्या खेपेला नव्या कोऱ्या बुटांच्या टाचा झिजून आल्या. मग साखरेचा डबा शोधायला तिने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडली. लग्न झाल्यापासून तो डबा एकाच जागी होता.

त्याने उड्डाणाच्या वेळा तपासल्या. मिनिटाचाही फरक नव्हता. शेवटी विचारलंच, एवढा वेळ कुठे होतीस म्हणून.

"दीड तास विमानात. तूच तर आखून देतोस ना?" ती मान तिरकी करून हसली. तसं कॅप्टन हसायचा.

ह्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठेतरी पाणी मुरत होतं. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, अंतरावर आणि वेळेवर होता. तिला त्या माणसाचा सहवास कमी मिळायला हवा, बस्स. त्याने मार्गातला एक वळसा काढून टाकला. दहा मिनिटं वाचली, साहेबांनी पाठ थोपटली.

त्या दिवशी ती शेजारच्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभी होती.

शहाण्याने इथेच हात आखडला असता. वळसा काढला आणि ती जास्तच लांब गेली, हे त्याला दिसत होतं. पण जळणाऱ्या माणसाला शहाणपण कुठलं? त्याने पाठचा वारा बघितला आणि सरळ रेघ ओढली.

विमान इतकं लवकर उतरलं की शिडी आणायची धावपळ झाली. तोही धावत गेला.

प्रवासी उतरले. एकाच्या कपातल्या कॉफीची अजून वाफ निघत होती.

सगळ्यांत शेवटी ती दोघं आली. कॅप्टन पाठीत वाकला होता. पायरीवर तो अडखळला, तसा तिने न बघताच हात पुढे केला.

ह्याने तिला हाक मारली.

ती थांबली. आपुलकीने म्हणाली, "सगळे उतरले हो. तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

कॅप्टन तिच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी बोलला.

"असेल," ती त्याला म्हणाली. "किती वर्षं झाली रे त्याला."

आणि ती दोघं एकमेकांना धरून पुढच्या पायऱ्या उतरू लागली.