समोरची नळी

योसू बंदरामागच्या त्या कारखान्यात मी तेव्हा वायरमन होतो. ग्वांगशिक मालक मला परका नव्हता, आणि त्या रात्रीचं सगळं त्याने स्वतःच पोलिसांना सांगितलंय. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, पोरांनो.

मासळीबाजारातून फेकलेले खवले आणायचे, उकळायचे, तो रस नळ्यांत भरून यंत्रात गरगर फिरवायचा. गाळ खाली बसतो, वर उरतं ते कोलॅजेन. तोंडाला लावायला बायका रांगा लावतात. नळ्या मात्र समोरासमोर आणि सारख्याच वजनाच्या हव्यात. जरा उन्नीस-बीस झालं की यंत्र उसळतं. सुनदकबाई वीस वर्षं हे काम करत होती. तिच्याकडून चूक? छे! ती घरी मीठसुद्धा काट्यावर तोलायची.

फिरत्या चकतीला तडा गेलाय, बदला, असं तिने कामाच्या वहीत तीनदा लिहिलं. मालकाने कानाडोळा केला. एके दिवशी यंत्राचं झाकण उडालं आणि बाई जागच्या जागी गेली. आणि हा निर्लज्ज तिच्या मुलीला म्हणतो कसा, "तुझ्या आईने वजनच केलं नव्हतं गं." माझं अजून डोकं फिरतं.

तिचा एकोणपन्नासावा दिवस होता, मृतात्म्याला निरोप द्यायचा. नोव्हेंबरची सतरा तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी अपघाताची पोलीस चौकशी. रात्री पावणेदोनला ग्वांगशिक ती वही आणायला कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेला. दिवा लावला, कपाटातून वही काढली, तिन्ही पानं फाडली आणि बेसिनमध्ये जाळली. हात धुतले. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं.

मागे घरघर सुरू झाली.

कोपऱ्यातलं तेच मोडकं यंत्र. वायर मीच कापलेली… तरी फिरतंय.

"कोण आहे?"

…

यंत्र थांबलं. तो जवळ गेला. आत दोनच नळ्या. एक रक्ताने काठोकाठ भरलेली, वर लाल शाईत सुनदकचं नाव. समोरची रिकामी. तिच्यावरही लाल शाई. ओली. ग्वांगशिक. आमच्याकडे लाल शाईत फक्त मेलेल्याचं नाव लिहितात; जित्या माणसाचं कोण लिहितं?

"वजन केलंत का हो, मालक?"

आवाज अगदी मानेजवळ होता.

"सुनदकबाई… माझी लेकरं लहान आहेत…"

"आणि माझं?"

त्याचा हात गार पडला. बोटं पांढरी. रिकाम्या नळीच्या तळाशी एक लाल थेंब… दुसरा…

"सांगतो! उद्या खरं सांगतो!"

"पानं कुठायत?"

"जाळली… पण तोंडाने सांगतो. सगळं!"

…

थेंब थांबले. नळी अर्धी भरली होती.

सकाळी त्याने सगळं कबूल केलं. तुरुंगात गेला. अर्ध्या नळीतलं रक्त त्याचंच निघालं, अंगावर मात्र सुई टोचल्याचीही खूण नव्हती. पोलिसांनी दोन्ही नळ्या सील करून ठाण्यातल्या कपाटात ठेवल्या.

पुढे त्याची भीड चेपली. वकील गाठला. म्हणे, कबुली भीतीपोटी दिली, चूक त्या बाईचीच. तिची मुलगी माझ्याकडे येऊन रडली. गेल्या महिन्यात नऊ तारखेला तो कोर्टात तसं सांगणार होता. आठ तारखेच्या रात्री पहारेकऱ्याने त्याला झोपताना पाहिलं. सकाळी तो कागदासारखा पांढराफटक पडला होता. मेलेला. चादरीवर डागही नाही.

पोलिसांनी कपाट उघडलं. सील शाबूत होतं. अर्धी असलेली नळी आता काठोकाठ भरली होती… कुणीतरी दोन्ही नळ्या काट्यावर ठेवून पाहिल्या.

गुंजभरही फरक नव्हता.