देवगांडुळाची बरणी

बाबल गवस सकाळीच सुपारीच्या बागेत उभा होता, मुठीत जाडं मीठ घेऊन. समोर डॉ. उर्मिला टोपले ओल्या मातीत मातीनाक खुपसून बसल्या होत्या. मातीनाक म्हणजे हातभर नळी. मातीत गळलेल्या पेशींतली जनुकं वाचून खाली कोण राहतं ते ती चहा निवायच्या आत सांगायची. तिच्यापुढे गोगलगाईचीही अब्रू झाकली राहत नसे.

नळी बोलली, "देवगांडूळ. अज्ञात जात. जवळचा नातलग कुठेच नाही. बागेचा उतार तपासणं चालू."

"जनावर आसा ता!" बाबल खेकसला.

"साप नाही, गांडूळही नाही. बेडकाच्या गोतातला उभयचर आहे, मातीत राहून पाय गमावलेला. विष त्याच्यापेक्षा तुमच्या जिभेला जास्त, बाबलभाऊ."

"तू नाव दिलंस काय माझी बाग बंद. कुदळ मारूक बंदी. कायदो माका म्हायत आसा!"

त्याने बिळावर मिठाची मूठ उगारली. उर्मिलाबाईंनी मातीत हात घालून ते निळसर, चकचकीत वेटोळं उपसलं आणि सरळ स्पिरिटच्या बरणीत सोडलं. नव्या जातीच्या नावाला नमुना लागतो, मेलेला, अंगावरची वलयं मोजता येतील असा. एक सापडलं म्हणजे शेजारी आणखी असणारच, असं त्यांच्या पेशात सगळेच धरून चालतात.

बरणीतली वळवळ थांबली.

"काय गो बाय, माझा मीठ वायट, नि तुझा स्पिरिट काय तीर्थ?"

उर्मिलाबाई बिळात बघत होत्या. तिथे दोऱ्याएवढी फिकी पिल्लं तोंडं उघडून चाचपडत होती. प्रत्येकाच्या दातांत आईच्या कातडीचा पातळ पापुद्रा होता. ती आईला खरवडून खात होती. तेच त्यांचं दूध.

नळी म्हणाली, "तपासणी पूर्ण. उतारावर या जातीचा दुसरा प्रौढ जीव नाही."

उर्मिलाबाईंनी हातमोजा काढला आणि अंगठा बिळात घातला. एक पिल्लू चिकटलं, मग दुसरं. त्यांनी ओठ दाबले, पण हात काढला नाही.

बाबलच्या मुठीतलं मीठ घामाने विरघळू लागलं होतं. तो वाकला, बघत राहिला. मग त्याच खडूस आवाजात म्हणाला,

"तुझा कातडा सरल्यार काय देतलंस गो त्यांका?"