दगडाला पाजलेलं पाणी

माझं वय शहात्तर. माझ्या लग्नात कोण कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, तेही मी अजून सांगते. त्यामुळे हा म्हातारीचा भ्रम समजू नका.

हे घडलेलं आहे.

यंदाच्या एप्रिलातला दुसरा शुक्रवार. बहरीन. दुपारचे चार.

माझा मुलगा प्रवीण सित्र्याला कामाला आहे. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन जुने कोरीव दगड शोधत हिंडतो. त्या दिवशी मलाही घेऊन गेला. वाळवंटातली एक अरुंद घळ. पडक्या दगडी भिंती, आणि मागच्या कातळावर कोरलेली माणसांची पावलं. इतकी झिजलेली की नजरेला सापडेनात.

"आई, जरा पाणी ओत त्यावर. ओल्या रेघा फोटोत उठून दिसतात."

मी ओंजळीत पाणी घेतलं. संधिवाताने माझी बोटं नीट वळत नाहीत. पाणी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून सांडलं.

सांडता सांडता मी हाक मारली, "प्रवीण... एवढं बस का रे?"

गावी माझे सासरे नदीत गुडघाभर उभे राहून पितरांना पाणी सोडायचे. असंच, अंगठ्याकडून. दर ओंजळीला एक नाव. ज्याचं नाव, त्याच्या वाटचं पाणी.

मेलेल्याचंच नाव घ्यायचं असतं.

हे मला उशिरा आठवलं.

पाणी कातळावरून खाली ओघळलं नाही... आत गेलं.

"तहानलाय बिचारा," प्रवीण हसला.

"गप. फोटो काढ नि चल."

गाडीत मी त्याला बाटली दिली.

"नको. तहान नाही."

माहूजला घरी आलो. सूनबाईने, विशाखाने, कोकम सरबत केलं होतं. तेही नको. जेवताना पाणी नको. दुसऱ्या दिवशीही नको...

पण त्याच्यापुढे ठेवलेला पेला रिकामा व्हायचा.

मी पाळत ठेवली. भाजी निवडायच्या निमित्ताने त्याच्यासमोर बसायची. त्याचे दोन्ही हात मोबाईलवर. मी शेंगेची शीर काढून मान वर करायची... पेला निम्मा.

पुन्हा मान वर करायची... कोरडा.

"विशाखा, हे पाणी कोण पितं?"

"हेच पितात. दुसरं कोण पिणार, आई?"

"तू पिताना बघितलंस?"

तिने रिकामा पेला उचलून आत पाहिलं.

मंगळवारी प्रवीण कामावर कोसळला. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. सलाईन लावलं, घरी पाठवलं. रिपोर्ट सगळे चांगले. दुसऱ्या दिवशी ओठ पुन्हा फुटलेले, डोळे खोल गेलेले. चमच्याने पाजलं तर ते ओठांच्या कडेने बाहेर यायचं.

मला कळून चुकलं होतं. त्याच्या वाटचं पाणी मीच दुसऱ्या कुणाला तरी देऊन आले होते.

शुक्रवारी तळमजल्यावरच्या उबेदला गाडी काढायला लावली. तो रत्नागिरीचा.

"मावशी, बाजारात न्यायचं सोडून लोक आईला दगडांत नेतात होय? बरं, यल्ला, चला. बसा."

तो गाडीपाशी थांबला. मी एकटी घळीत गेले. वारा नव्हता. माझ्या चपलांचासुद्धा आवाज येत नव्हता.

सबंध आठवडा ऊन खाऊनही ती पावलं...

ओली होती.

मी ओंजळ भरली. अंगठ्याकडून पाणी सोडलं. या वेळी चुकून नाही, नीट नाव घेतलं.

"रंभा."

माझं.

घरी आले तर विशाखा दारातच उभी. डोळे पुसत होती.

"आई, ह्यांनी पाणी मागितलं. दोन तांबे प्यायले."

मी तिला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

त्याला आज चार दिवस झाले. प्रवीण परवापासून कामाला जातोय. निघताना विचारतो, "आई, पाणी पितेस ना वेळेवर?"

"हो रे, बाबा."

हे लिहायला बसले तेव्हा शेजारी तांब्या भरून ठेवला होता. घसा कोरडा आहे, पण प्यावंसं वाटत नाही. मी हात लावलेला नाही.

आत्ता डोकावून पाहिलं...

तळ दिसतोय.