पाणी बघितलंस?

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवाच असा आग्रह मी करणार नाही. शहात्तराव्या वर्षी लोकांना पटवत बसायची हौस उरत नाही. पण जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं... आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गेल्या हिवाळ्यात, पहाटे साडेपाचच्या सुमारास.

एकदा नाही. सलग पाच दिवस.

आधी थोडं मागचं सांगते.

आमच्या ह्यांचं गॅरेज होतं. हे आणि माझा धाकटा भाऊ, दोघं मिळून चालवायचे. दोघांचे हात एकाच गाडीवर चालले की भांडणं होतात. कोणी काय आवळलं, कोणाचं ढिलं राहिलं? म्हणून ह्यांनी नियम केला होता. ज्याने पाइपेची क्लिप आवळली, त्याने तिच्या स्क्रूवर आपली खूण करायची. खुणेसाठी माझीच लाल नेलपॉलिश पळवली होती. ह्यांची खूण म्हणजे ठिपका. भावाची आडवी रेघ.

"बाईला नखं रंगवायला उरली नाही आणि इंजिनं नटून बसलीत," असं मी म्हणायचे. दोघं हसायचे.

घरच्या गाडीचं पाणी बघायचं काम मात्र माझं. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, पाणी बघायचं, कमी असेल तर भरायचं. हे निघताना बॉनेटवर दोनदा टिचकी मारायचे आणि विचारायचे, "पाणी बघितलंस?"

"बघितलं. निघा आता."

एकतीस वर्षांपूर्वी, थंडीतल्या एका रविवारी, हेच बोलणं झालं. त्यानंतर हे परत आले नाहीत.

चढावरच्या वळणावर गाडी तापून बंद पडली. हे उतरून बॉनेट उघडत होते. वळणावरून ट्रक आला. गाडीला साधा ओरखडा गेला. ह्यांना...

असो.

रेडिएटर कोरडा ठणठणीत निघाला. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कोणी काही बोलायच्या आत माझ्या भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या घरात म्हणाला, "ताईला कोणी बोलू नका. माणूसच आहे. विसरते."

तेव्हा मला वाटलं, माझा भाऊ माझ्या पाठीशी उभा राहिला.

त्या दिवसापासून मी 'विसरलेली' बाई झाले. मला आठवत होतं, मी पाणी भरलं होतं. पण सगळं जग एक म्हणायला लागलं की आपल्याच आठवणीवरचा विश्वास उडतो. एकतीस वर्षं मी तो रविवार उलटून पालटून पाहिला. भरलं होतं का? की तो शनिवार होता?

गाडी ओढून आणली. भावानेच ती आतून-बाहेरून पुसून काढली आणि शेडमध्ये झाकून ठेवली. इंजिन जाम झालं नव्हतं, पण पुन्हा कोणी ती चालवली नाही.

गेल्या हिवाळ्यात शेडचं छप्पर बदलायचं निघालं. गाडी हलवायला हवी होती. भंगारात द्यायला मन होईना. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना बोलावलं. पन्नाशीचा माणूस, तोंड सतत चालू, पण हात त्याहून चालू.

भावाला फोनवर सांगितलं. तर म्हणाला, "ताई, कशाला उकरत बसतेस? भंगारात दे. उद्याच माणूस पाठवतो."

त्या आठवड्यात हेच त्याने तीनदा सांगितलं.

मिस्त्रींनी नवी बॅटरी बसवली, पुढच्या रबरी पाइपा बदलल्या आणि काठोकाठ हिरवं कूलंट, म्हणजे रेडिएटरचं रंगीत पाणी, भरलं. किल्ली अर्धी फिरवली मात्र, तापमानाचा काटा टुणकन मध्यावर जाऊन बसला.

"काकू, इंजिन बर्फासारखं गार, आणि काटा मध्ये? हा तर न जेवता ढेकर देतोय!"

आम्ही हसलो. गाडी चालू केलीच नाही. शेडला कुलूप लावलं. किल्ल्या माझ्या उशीखाली.

पहिल्या पहाटे मला जाग आली ती आवाजाने.

टक... टक.

पत्र्यावर दोन टिचक्या.

मांजर असेल म्हणून मी स्वेटर घालून मागे गेले. कुलूप जसंच्या तसं. आत कोणी नाही. सवयीने बॉनेट उघडलं...

पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

गाडीखाली वाकून हात फिरवला. फरशी कोरडी.

मिस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडावर हवेचा हातपंप बसवून आत दाब भरला. कुठे गळत असेल तर पंपाचा काटा उतरतो. आम्ही दोघं वीस मिनिटं त्या काट्याकडे बघत बसलो. हलला नाही.

"गाडी ठणठणीत आहे, काकू. पाणी तुम्हीच पीत असाल."

पुन्हा भरलं. गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली.

दुसरी पहाट. टक... टक. पाणी कमी. कागद कोरडे.

तिसऱ्या पहाटे काच धुकटलेली दिसली. आतून. चारही दारं बंद आणि पुढच्या काचेवर आतून चिकट, दाट वाफ. गोडसर वास येत होता. जुनं कूलंट गळलं की येतो तसा.

आणि त्या वाफेत, खाली डाव्या कोपऱ्यात, कोणीतरी बोट टेकवून पुसल्यासारखी एक जागा होती.

एक ठिपका.

मी मिस्त्रींना ठिपक्याचं सांगितलं नाही. पाणी गेल्याचं तेवढं सांगितलं. त्यांनी परत पंप लावला. परत काही नाही.

चौथ्या पहाटे मी दार उघडून आत बसले, ह्यांच्या जागेवर. तेव्हा दिसलं... हीटरची कळ लाल टोकापर्यंत सरकवलेली होती. आदल्या संध्याकाळी मी स्वतः ती निळ्या टोकाला पाहिली होती. मी ती बंद केली. कुलूप लावलं. किल्ली दिवसभर कमरेला.

पाचव्या पहाटे कळ पुन्हा लाल टोकाला.

मी तशीच बसून राहिले. भीती वाटत नव्हती. कसं सांगू... कोणीतरी समजावून सांगून सांगून थकलंय आणि आपल्यालाच कळत नाहीये, तसं वाटत होतं.

मग शेजारच्या रिकाम्या सीटवरून, अगदी हळू आवाज आला...

"पाणी बघितलंस?"

मी म्हणाले, "बघितलं हो. त्याही दिवशी बघितलं होतं."



मिस्त्री आले तेव्हा मी एवढंच म्हणाले, "हीटरची कळ उघडी ठेवून दाब भरा."

त्यांनी भरला. पंपाचा काटा सरसर खाली उतरला.

"अरे बापरे! कळ बंद असली की हीटरकडे पाणी जातच नाही, म्हणून सापडत नव्हतं. हे आत गळतंय, काकू, पायाखाली! म्हणून फरशी कोरडी."

चटई उचलली. खालचा जाड थर भिजून चिंब. त्याच्याखाली पत्र्यावर जुना, गंजून मुरलेला डाग होता. बशीएवढा नाही. परातीएवढा.

मला कळलं, त्या रविवारी रेडिएटरमधलं पाणी कुठे गेलं होतं. मी भरलेलं पाणी. थंडी होती, ह्यांनी हीटर लावला असणार.

डॅशबोर्डखाली, डाव्या कोपऱ्यात, हीटरची पाइप कापलेली होती. मध्ये लोखंडी नळीचा तुकडा घालून दोन क्लिपांनी जोडलेली. शेजारीच तापमानाच्या काट्याची तार तोडून दुसऱ्या तारेला बांधलेली. इंजिन उकळलं तरी काटा मध्येच राहावा म्हणून.

मिस्त्रींनी टॉर्च माझ्या हातात दिला.

मी तो जवळ धरून बघितलं. दोन्ही क्लिपांच्या स्क्रूवर लाल खूण होती.

आडवी रेघ.

चोरून केलेल्या कामावरही हाताने सवयीने सही केली होती.

मिस्त्रींनी तार सरळ केली, अखंड पाइप घातली, नव्या क्लिपा आवळल्या. त्या रात्री मी गाढ झोपले. सकाळी पाणी जिथल्या तिथे होतं. हीटरची कळ निळ्या टोकाला. पण नव्या क्लिपेवर...

एक लाल ठिपका होता. ओला. बोटाला लागला.

आमच्या घरातली नेलपॉलिशची बाटली वाळून तीस वर्षं झाली आहेत.

रविवारी भावाला चहाला बोलावलं. तो त्याच्या नव्या गाडीने आला. मी चहाच्या कपाशेजारी तो नळीचा तुकडा ठेवला, क्लिपांसकट.

हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही.

"ही रेघ कोणाची?"

"ताई, एकतीस वर्षं झाली."

"वर्षं नाही विचारली मी."

तो कपाकडे बघत म्हणाला, "हीटरची पाइप फुटली होती, नवी मिळत नव्हती. सोमवारी बदलणार होतो. काटा चढला की दाजी डोकं खायचे, म्हणून दोन दिवसांपुरता बांधला. रविवारी ते गाडी काढतील, हे मला काय माहीत?"

"आणि नंतर?"

"नंतर सांगून काय झालं असतं? दाजी परत आले असते का?"

"मी आले असते," मी म्हणाले.

त्याला ते कळलं की नाही, माहीत नाही. कप तसाच ठेवून तो उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढे आला. मी मागे सरकले.

मी दारात उभी होते. तो गाडीत बसला. तेव्हा मला दिसलं... त्याच्या गाडीखाली फरशीवर पाणी पसरलं होतं.

हिरवं.

आणि माझ्या कानाशी, अगदी जवळ, "पाणी बघितलंस?"

हाक मारायला चार पावलांचं अंतर होतं. मी तोंड उघडलं होतं, हे मी देवाशपथ सांगते. पण शब्द निघाला तो एवढाच, आणि तोही त्याला नाही.

"बघितलं."

गाडी फाटकाबाहेर गेली.

तो सुखरूप घरी पोचला. अजून सुखरूप आहे. मिस्त्रींना मी सहज विचारलं, तर म्हणाले, त्या गाड्यांत कूलंट गुलाबी येतं, हिरवं नाही. मी फरशी तीनदा धुतली. डाग गेलेला नाही.

परवा भावाचा फोन आला. माझा राग गेला का, ते चाचपायला असणार. इकडचं तिकडचं सांगत सुटला. शेवटी म्हणाला, "गाडी एकदम मस्त चाललीय, ताई. कितीही चढ असू दे, काटा हलत नाही. सकाळी किल्ली फिरवली की लगेच मध्ये जाऊन बसतो."

मी फोन ठेवला.

त्याला सांगायला हवं, हे मला कळतं. रोज सकाळी फोन हातात घेते.

रोज सकाळी, त्याच वेळी, मागच्या शेडमध्ये दोन टिचक्या वाजतात... आणि मी फोन खाली ठेवते.