राखेतली रांग

मारेनला वाटलं होतं, वणवा विझल्यावर अख्खं गाव डोंगरावर असेल. हजार हात राबतील, वसंतात पाइनची रोपं लागतील. बॉस्टनला वनशास्त्र शिकलेली पोर ती, असंच वाटणार. आली तर बिटररूटच्या त्या खोऱ्यात नुसते जळक्या झाडांचे काळे खांब उभे, आणि त्यांच्या पायथ्याशी रिकामी घरं. माणसं शहरातल्या शाळेच्या हॉलमध्ये. ‘उतार थंड झाला’ असा निरोप गेल्याशिवाय कुणाला परतता येत नव्हतं.

हे तिने मला स्वतः सांगितलंय, माझ्याच गाडीत बसून. आणि थोडं मी पाहिलंय.

राखेत विस्तव दडलाय का ते कसं तपासायचं, हे वणव्याच्या तुकडीतल्या तुम्हा पोरांना शिकवलंच आहे. रांगेत गुडघे टेकायचे, हातमोजा काढायचा, उलटा हात राखेत घालायचा. थंड लागली तर ओरडायचं, ‘थंड!’ मग शेजारचा ओरडणार. शेवटच्याचं झालं की रांग पुढे सरकते.

“एकटीने कसली रांग करतेस?” मी तिला म्हणालो होतो.

“मग तुम्ही या की, आर्लोकाका.”

“गुडघे गेले माझे.”

“जीभ बरी शाबूत आहे!” म्हणाली, आणि निघाली.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. दिवसभर एकटीने उतार चाचपला. वरचा एक पट्टा राहिला आणि अंधार पडला. गाडी फार खाली होती. तिथेच अंथरूण टाकलं. थंडी अशी, की हातमोजे घालूनच झोपली. सकाळी ‘उतार थंड झाला’ हा निरोप तिलाच द्यायचा होता.

मध्यरात्री लांबून आवाज आला.

“थंड!”

मग जरा जवळून, बाईचा. “थंड!” मग कुणा म्हाताऱ्याचा. तिला वाटलं, आलं गाव.

“वारा असेल, काका,” तुमच्यातलं एक पोरगं म्हणतंय.

“असेल. ऐक पुढे.”

रांग जवळ आली. तिच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर, कुणीतरी गुडघे टेकले. राख कुरकुरली.

“थंड.”

मग शांतता...

तिची वाट बघत होते. सगळे.

त्या खोऱ्यात आल्यापासून कुणी तिची वाट बघितली नव्हती. तिने मोजा काढला नाही. हात लावला नाही. पडल्यापडल्याच म्हणाली, “थंड.”

पुढे कुणी ओरडलं नाही.

कुणी सरकलं नाही.

...

डोळे उघडायचा धीर होईना. मग उजव्या हाताला गारवा लागला. आधी मनगटाला. मग बोटांना. एकेका बोटाला...

उजाडलं तेव्हा त्या हातात मोजा नव्हता. उशापलीकडच्या जळक्या बुंध्याशी, राखेवर नीट ठेवलेला होता. तिने तिथे उलटा हात घातला आणि झटक्यात ओढला. खाली मुळांत विस्तव धुमसत होता. पुढे वाळकं गवत. गवताच्या खालच्या अंगाला घरं.

तिने मला फोन लावला. “गावाला सांगा, इतक्यात येऊ नका. पोराबाळांना तर आणूच नका. पाणी पाठवा.”

मी गाडी घालून वर गेलो. राखेत गुडघ्यांच्या खुणा होत्या. उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका ओळीत. वर आलेलं पाऊल नाही, खाली गेलेलं नाही. मधे, तिच्या अंथरुणाशी, फक्त एका माणसापुरती जागा मोकळी.

मारेनने दुसराही मोजा काढला, आणि त्या जागेत गुडघे टेकले.