शब्द माझे, चालही माझीच

त्या रविवारी दुपारी धाकटी घराबाहेर पडली ती दोन वस्तू आणायला. गिटारसाठी नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आणि थोरल्या बहिणीसाठी दम्याचा पंप. चार वाजता कॅफेत गायचं होतं म्हणून गिटारची बॅग पाठीवरच होती. औषधांचं दुकान, कॅफे आणि घर तिन्ही एकाच रस्त्यावर, म्हणजे सगळं आरामात जमण्यासारखं होतं. दिवा जरा मोठा करा आणि ऐका. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं सुरुवातीला तरी वाटेल.

ताई दारापर्यंत आली होती. "आधी पंप घरी देऊन जा हं. जुना दाबला की... नुसती हवा येते."

"देते गं. किती वेळा सांगशील?"

"आणि नाव... घेशील ना माझं?"

"घेते की दर वेळी," धाकटी म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

ही नावाची भानगड आधी सांगायला हवी. त्या कॅफेत दर रविवारी ओपन माइक असे. काउंटरवर एक वही असायची. जो आधी येईल त्याने आधी नाव लिहायचं, त्याच क्रमाने गायचं, आणि पाळीला हजर नसेल त्याच्या नावावर काट. पहिल्या तीन-चार जणांना माणसं मिळत, नंतरच्यांना खुर्च्या, कारण ज्याचं गाणं झालं तो गिटार गुंडाळून पसार होई. ऐकायला बसलेल्या नऊजणांत सातजण आपल्या पाळीची वाट बघत असायचे, आणि उरलेले दोघे बिचारे कॉफी प्यायला आलेले. स्टेज म्हणजे संडासाच्या दाराशेजारची लाकडी फळी. ऐन अंतऱ्यात कोणीतरी "सॉरी हं" म्हणत गाणाऱ्याच्या पायांना वळसा घालून आत जाई. माइकला आधीच्याच्या तोंडाचा वास येई आणि दुधाला वाफ देणारं मशीन बरोबर हळव्या ओळीवर फिस्कारे. सहा वर्षं धाकटीने हे सोसलं होतं. सहा वर्षांत तिची गाणी कोणाला पाठ झाली नव्हती, तिच्या आईलासुद्धा नाही.

कॅफेवालीचा एकच नियम होता. गाण्याआधी शब्द कोणाचे आणि चाल कोणाची, हे माइकवर सांगायचं.

ताई कुरिअरच्या ऑफिसात पत्ते टाइप करायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर गाणी लिहायची. तीन शब्दांवर तिला दम लागायचा, म्हणून तिच्या ओळीही तीनच शब्दांच्या. मग थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढची ओळ. त्यातलं खिडकीचं गाणं सात ठिकाणी थांबत होतं. *उघडी ठेव खिडकी... मी येते आहे... वारा म्हणू नकोस...* स्टेजवर जाण्याइतका दम ताईला नव्हता. तिने ते धाकटीला दिलं, आणि बदल्यात एवढंच मागितलं की गाताना माझं नाव घे.

पहिल्या खेपेला धाकटीने घेतलं. "शब्द आणि चाल माझ्या ताईची." गाणं संपलं तेव्हा कॅफे गप्प झाला होता. मशीनसुद्धा. मग एकजण म्हणाला, "ताईंना आणा की एकदा!" आणि सगळे ताईबद्दलच बोलत राहिले. सहा वर्षं उभं राहून जे मिळालं नाही ते ताईला घरी बसून मिळालं, हे धाकटीच्या घशात अडकलं ते अडकलंच. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "शब्द माझे, चालही माझीच." मागच्या खेपेचं ऐकणारं कोणी समोर नव्हतं, कॅफेवाली मशीनशी झुंजत होती; आकाश कोसळलं नाही. घरी येऊन तिने ताईला सांगितलं, "घेतलं गं नाव. सगळे विचारत होते तुझं." ताई इतकी खूश झाली की तिला खोकल्याची उबळ आली.

तर त्या रविवारी धाकटीने सेल घेतला, पंप घेतला आणि ती घराकडे वळली. वाटेत कॅफे लागला. काचेतून वही दिसत होती. वहीत दोनच नावं होती आणि मागून चारजण गिटारी घेऊन येत होते. तिने आत जाऊन तिसरं नाव टाकलं. आता घरी जाऊन यायचं तर पाळी चुकणार, नावावर काट बसणार. तासाभराने काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. पंप बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकला आणि चेन ओढली.

स्वतःचं गाणं फोनवर रेकॉर्ड करणारे सगळे एक गोष्ट करतात. फोन फ्लाइट मोडवर टाकतात, नाहीतर ऐन वेळी कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. धाकटीनेही टाकला. फोन स्टुलावर ठेवला, नियमाप्रमाणे "शब्द माझे, चालही माझीच" म्हणाली आणि ताईचं गाणं गायली. टाळ्या चांगल्या पडल्या. कोणी कॉफी पाजली. त्या कौतुकात फोन पूर्ववत करायचं राहिलं ते सहा वाजेपर्यंत. केला तेव्हा मेसेज आला. ताई, सात मिस्ड कॉल. पहिला चार वाजून अकरा मिनिटांनी, शेवटचा सव्वाचारला.

घराच्या दारात शेजारी उभे होते. आई पडदे शिवायची. त्या दुपारी ती गिऱ्हाइकाकडे पडदे टांगायला गेली होती आणि नुकतीच परतली होती. पडद्यांच्या कड्या अजून तिच्या मुठीत होत्या.

"तुझा फोन लागत नव्हता का गं?" तिने विचारलं.

"रेंज नव्हती," धाकटी म्हणाली. बॅगेची चेन तिने उघडली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

दोन महिन्यांनी ती पुन्हा वहीत नाव टाकायला लागली. लोक हळहळले, पाठीवर हात ठेवले, आणि खिडकीचं गाणं मागितलं. ते तिने गायलं, तसंच सांगून. घरी येऊन कानात इअरफोन घालून रेकॉर्डिंग ऐकलं, तर पहिल्या थांब्याला काहीतरी होतं. बारीक शिट्टीसारखं. हवा अरुंद जागेतून ओढल्यासारखं.

मशीन असेल, तिला वाटलं. पुढच्या रविवारी तिने कॅफेवालीला विनंती करून मशीन बंद करायला लावलं. तरी सातही थांब्यांना तो आवाज होता. आणि तो लांबून येत नव्हता. तो तिच्या स्वतःच्या आवाजापेक्षा माइकच्या जवळ होता.

कॅफेवाली म्हणाली, "तुझे ते पॉज काय आहेत गं! काटा येतो अंगावर."

"सरावाने येतं," धाकटीने सांगितलं. तेही घेतलं तिने. काय काय घ्यावं माणसाने याला काही धरबंध असतो, पण भुकेल्याला तो कोण शिकवणार?

मग स्टुडिओवाली बाई येणार असल्याची बातमी आली. ऐकून एकाला निवडणार, त्याचं गाणं नीट रेकॉर्ड करून सगळीकडे पोचवणार. सहा वर्षांत पहिल्यांदाच दार किलकिलं झालं होतं. त्या रविवारी धाकटी निघाली तेव्हा आई पडद्याला टीप घालत बसली होती. तिने मशीन थांबवलं.

"आज तरी तिचं नाव घे."

धाकटी दचकली. "म्हणजे?"

"भिंतीपलीकडेच झोपायचे ना मी? रात्ररात्र कोण गुणगुणायचं ते मला ठाऊक नाही होय? आणि भेटेल तो तुझ्याच गाण्याचं कौतुक करतो. अगं, गेलेल्या माणसाला दुसरं काय देता येतं..."

"घेईन," धाकटी म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिच्या मनात होतंही.

स्टेजवर चढल्यावर तिने फोन फ्लाइट मोडवर टाकला, रेकॉर्डिंग सुरू केलं. समोर स्टुडिओवाली बाई कागदावर पेन टेकवून बसली होती. नाव लिहायला. एकच नाव. धाकटीने माइकच्या जाळीत तोंड घातलं, कोणाच्या तरी जुन्या श्वासाचा वास घेतला आणि म्हणाली, "शब्द माझे... चालही माझीच."

उघडी ठेव खिडकी. पहिला थांबा आला आणि स्टुलावरचा फोन वाजला.

तिने खाली पाहिलं. पडद्यावर विमानाची खूण होती, रेकॉर्डिंगचे आकडे पळत होते आणि मधोमध नाव होतं, ताई. ताईचा नंबर आईने केव्हाच बंद करून टाकला होता. धाकटीची बोटं तारांवरून हलली नाहीत. समोर पेन थांबलं होतं. आत्ता उचलला तर गाणं गेलं. तिने दुसरी ओळ घेतली. फोन गप्प झाला. दुसऱ्या थांब्याला पुन्हा वाजला. तिसऱ्याला. खोलीत कोणी हलत नव्हतं, संडासाकडे निघालेला एकजण वाटेतच थिजला होता. सातव्यांदा फोन वाजला तो मध्येच तुटला, आणि धाकटीने शेवटची ओळ म्हटली.

 मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तसा त्या खोलीने कधी ऐकला नव्हता. स्टुडिओवाली बाई डोळे पुसत आली. "मधे फोन वाजतो... पडद्यावर 'ताई'... आणि तू उचलत नाहीस. बाई गं! कसं सुचलं हे तुला?"

धाकटीने स्टुलावरचा फोन उचलून खिशात टाकला. 

"सुचलं," ती म्हणाली. "असंच."

घरी येऊन तिने रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात फोन वाजत नव्हता. शिट्टीही नव्हती. सातही थांबे रिकामे, स्वच्छ. तिला हायसं वाटलं.

रेकॉर्डिंग एका मंगळवारी सकाळी अकराला होतं, लख्ख उन्हात. स्टुडिओच्या दारातच एक टोपली होती. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "फोन फ्लाइट मोडवर टाकून इथे ठेवा. आत आणायचा नाही. रिंगचा आवाज आपण नंतर घालू." आतल्या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला होता, जुन्या गालिच्याचा कोंदट वास होता. जाड दार लागलं आणि कानांवर दाब आल्यासारखं झालं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि बाई दिसत होते, ऐकू येत नव्हते. नियम सांगायला इथे कोणी नव्हतं. धाकटीने काहीही न सांगता गायला सुरुवात केली.

पहिल्या थांब्याला तिने श्वास घेतला आणि तो अर्धाच आला.

दुसऱ्याला त्याहून कमी. छातीत कोणीतरी दोरी आवळत होतं. हात वर केला असता तर गाणं थांबलं असतं, पाणी आलं असतं, दार उघडलं असतं. पण गाणं सुरेख चाललं होतं आणि काचेपलीकडे बाईने डोळे मिटले होते. तिने हात वर केला नाही. तीन शब्द, मग शिट्टी. आता ती तिच्याच घशातून येत होती. सातवा थांबा तिने पार केला, शेवटची ओळ नीट लावून म्हटली आणि गिटारसकट गुडघ्यांवर आली.

काचेपलीकडे दोघांनी हेडफोन काढले होते. एकमेकांना टाळी देत होते.

बॅग कोपऱ्यात होती. ती सरपटत गेली, चेन ओढली. पंप तिथेच होता, दुकानातून आणला तसा सीलबंद. तिने दातांनी प्लॅस्टिक फाडलं, तोंडाला लावून दाबला. नुसती हवा आली. पुन्हा दाबला. नुसती हवा.

मग तिने काचेवर हात आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. जाड काच, आवाज पलीकडे जात नव्हता. चौथ्यांदा, पाचव्यांदा. दोघं पाठमोरी हसत होती. सहाव्यांदा हात नुसताच घसरला. सातव्यांदा रेकॉर्डिस्टने मान वळवली. तिच्या नशिबात बघणारं कोणीतरी होतं, एवढाच काय तो बहिणी-बहिणींमधला फरक.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. छाती साफ आहे, दमा नाही, काहीच नाही, असं लिहून दिलं. पण धाकटीला तेव्हापासून तीन शब्दांपुढे बोलता येत नाही. तीन शब्द, मग थांबायचं. गिटार कपाटावर आहे.

गाणं बाहेर पडलं. कुठे कुठे वाजतं म्हणे. आई पडदे शिवताना दुपारी ते लावते. गिटारची पहिली तार वाजण्याआधी त्यात एका बाईचा आवाज आहे, खालच्या पट्टीतला, शांत, धाप न लागता एका दमात बोलणारा. "शब्द माझे, चालही माझीच." तो धाकटीचा नाही. रेकॉर्डिस्टने तीनदा कापला आणि नंतर नाद सोडला. आई तेवढाच तुकडा पुन्हा मागे नेते आणि पुन्हा ऐकते.

काल संध्याकाळी पडदा आत फुगला, टेबलावरचे कॅलेंडरचे कागद उडाले. धाकटी भिंतीला टेकून बसली होती.

"आई... खिडकी लाव... वारा येतोय..."

आईने सुईतला दोरा दातांनी तोडला. उठली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "वारा नाही तो."