दोन्ही शेवट

नोएडात तेव्हा माणसांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. संक्रांतीची दुपार होती, खिडकीबाहेर धुक्यात अर्धवट इमारती उभ्या होत्या. लतिकाचा नवरा विश्वास महाराष्ट्र मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर गेला होता. आणि ही संगणकापुढे.

मंडळाच्या नाटकाची फाइल मुळात एकच. पण दोन फ्लॉपींवर ती दोन लेखकांच्या घरी गेली आणि दोन्हीकडे वेगळी वाढली. श्रीपादच्या प्रतीत शिपाई पानिपतावरून घरी येतो, अबोलीच्या प्रतीत येत नाही. संगणकातल्या एडिटर प्रोग्रॅमने दोन्ही प्रती शेजारीशेजारी मांडल्या. फरक दिसला की विचारायचा, डावं ठेवू की उजवं. ऑफिसात लतिका दिवसभर हेच करायची. शेवटाशी मात्र अडली. तिने श्रीपादला फोन लावला.

"दोन्ही ठेवा हो, वहिनी. अबोली रुसली तर तिळगूळ कोण देणार मला? तालमीत बघू."

तिने दोन्ही ठेवले, एकाखाली एक.

तासाभराने बेल वाजली. दारात विश्वास.

"इतक्यात आलास?"

"उशीरच झाला. वाट पाहून डोळे शिणले असतील."

लतिकाला हसू आलं. वाक्य श्रीपादच्या शिपायाचं होतं, शब्द न् शब्द. मग आठवलं, विश्वासने नाटक वाचलेलंच नव्हतं. तो शेजारून आत गेला, तेव्हा स्वेटरला ओल्या घोड्याचा वास आला.

फोन वाजला.

"अगं यार, बस बंद पडलीये. मुरथलच्या ढाब्यावरून बोलतोय, इथला पीसीओ. तू जेवून घे."

विश्वासचा आवाज. मागे ट्रकांचे हॉर्न.

लतिकाने मान वळवली. आतला माणूस संगणकापुढे बसला होता. विश्वासने त्या यंत्राला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पडद्यावर अबोलीचा, शिपाई न परतण्याचा शेवट निवडलेला, काळा झालेला.

"लतू? घरी कोण आलंय?"

"विश्वास, ऐक, तू आधी..."

"मला तिकडे कुणाचा तरी आवा..."

आत एक कळ दाबली गेली. पडद्यावरचा काळा भाग नाहीसा झाला.

फोन चालूच होता. हॉर्न ऐकू येत होते. तव्यावर काहीतरी चरचरत होतं. मग कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"हेलो जी? किससे बात करनी है? ये तो ऐसे ही लटका हुआ था."